सायकलमार्गावरचं शंभर टक्के समाधान

एका जंगलात, बाळांनो, राजा परदेशी जाऊन आला.

यात नवल काही नाही. राजे जातातच. नवल हे, की परत आल्यावर त्याला तिकडचं खाणं सोडून दुसरंच काहीतरी आठवत राहिलं. उत्तरेच्या बर्फाळ रानात सिंहमहाराजांनी सांबरांना सायकलवरून कामाला जाताना पाहिलं होतं. सांबरं ताजीतवानी दिसत होती. हवा स्वच्छ होती. आणि सगळे सायकलवर असल्यामुळे महाराजांच्या मोटारीला रस्ता मोकळा मिळत होता. महाराजांना हे शेवटचं फार आवडलं.

आल्या आल्या त्यांनी सायकल धोरण जाहीर केलं. वडाच्या पारापासून नदीकाठच्या शाळेपर्यंत, मोठ्या रस्त्याच्या कडेने एक लांबलचक पट्टा आखला. त्याला लाल रंग दिला. जागोजागी सायकलीचं चित्र काढलं. चित्र काढणाऱ्या माकडाने सायकल कधी पाहिली नव्हती, त्यामुळे काही चित्रांना तीन चाकं आली. पण भाव पोचत होता.

त्याच सुमारास शलाका नावाची एक सायाळ लग्न होऊन त्या जंगलात आली.

शलाका फार बोलायची नाही. सायाळीला राग आला की तिचे काटे खुळखुळतात आणि सगळ्या घराला कळतं. म्हणून पाठवणीच्या वेळी आईने कानात एवढंच सांगितलं होतं, "काटे मिटून राहा गं बाई." ती मिटून राहत होती. मिटलेल्या काट्यांआडून बरंच काही दिसतं.

तिच्या रुखवतात एक सायकल होती. हिरवी, चकचकीत घंटीची. सासरी ती बैठकीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली होती आणि सासूबाईंनी तिच्या सीटवर क्रोशाचा रुमाल घातला होता. येणारा-जाणारा घंटी वाजवून बघायचा आणि "छान आहे हो" म्हणायचा.

"आई, मी ही शाळेत न्यायला काढू का?" शलाकाने विचारलं.

"अगं, रुखवतातली वस्तू कोणी वापरतं का? मांडायची असते ती." सासूबाई म्हणाल्या. "उद्या म्हणशील, रुखवतातले लाडू खाते."

"खाल्ले ना आपण ते."

सासूबाईंनी जरा विचार केला. "ते खराब झाले असते म्हणून," त्या म्हणाल्या.

शाळेत जाणं मात्र भागच होतं. नदीकाठच्या शाळेत पिल्लांना बीळ खणायला शिकवायची नोकरी शलाकाला लागली होती. लग्नाच्या आधी, स्वतः मुलाखत देऊन. या नव्या जंगलात घर सासरचं होतं, भांडी सासरची होती, आडनाव सासरचं होतं. शलाकाबाई म्हणून हाक मारणारी पिल्लं तेवढी तिची स्वतःची होती.

पण पोचायचं कसं? सायाळ चालत निघाली तर मधल्या सुट्टीला पोचते. आणि गव्याच्या बसमध्ये तिला घेत नव्हते. दारात लटकणारा वानर हात जोडून म्हणाला होता, "ताई, तुम्ही चढाल हो. पण शेजारी कोण बसणार?"

अखेर रुमाल निघाला, सायकल निघाली.

वडाच्या पारापासून शलाका लाल पट्ट्यावर चढली. सकाळची वेळ होती. वारा काट्यांमधून जात होता. तिला वाटलं, हे जंगल आपल्याला वाटलं तेवढं वाईट नाही.

तेवढ्यात पुढे म्हैस आली. म्हणजे म्हैस कुठे गेली-आली नव्हती. ती पट्ट्यावर बसली होती, आणि तिच्यामागे तिच्या बहिणी, जावा, नणंदा बसल्या होत्या.

शलाकाने घंटी वाजवली.

"काय गं?"

"मावशी, जरा सरकता का?"

"कुठे सरकू? पलीकडे रस्ता आहे. गाड्या येतात. चिरडून मरू काय?"

"पण हा पट्टा सायकलींसाठी आहे."

"मग मी काय सायकली खाते का?" म्हैस म्हणाली आणि डोळे मिटून रवंथ करू लागली.

शलाका खाली उतरली, वळसा घालून पुन्हा पट्ट्यावर आली. तिथे अस्वलअण्णांची चहाची टपरी होती.

"या वहिनी! आल्याचा टाकू?"

"अण्णा, टपरी वाटेत आहे."

"वाटेत नाही वहिनी, पट्ट्यावर आहे. रस्ता अडवून मी कधी धंदा केला नाही. तत्त्व आहे आपलं."

टपरीपुढे रानडुकरांच्या मोटारी ओळीने उभ्या होत्या. शिस्त अशी की प्रत्येकीचं पुढचं चाक सायकलीच्या चित्रावर बरोबर टेकलेलं. त्यापुढे एक जांभळाचं झाड होतं. पट्टा थेट त्याच्या बुंध्यात शिरत होता. रंगवणाऱ्यांना थांबायला कोणी सांगितलं नसावं, कारण लाल रंग बुंध्यावरही हातभर चढला होता.

शलाका मोठ्या रस्त्यावर उतरली. मागून भोंगा वाजला. ती बाभळीत जाऊन पडली. काट्यात काटे अडकले. ते सोडवून ती शाळेत पोचली तेव्हा उन्हाचा कवडसा फळ्यावरून उतरून जमिनीवर आला होता.

मुख्याध्यापिका टिटवीबाई दारातच उभ्या होत्या. "शलाकाबाई, पिल्लं आपली आपणच खणायला लागली. दोन जण तर पलीकडच्या वर्गात निघाली. आता आणखी एकदा उशीर झाला की माझी भाची आहेच हं. तिला बीळ खणता येत नाही, पण ती वेळेवर येते."

शाळा सुटल्यावर शलाका तडक वनपालिकेत गेली. सायकल धोरणाचं काम कोल्हेसाहेबांकडे होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, मग काटे पाहून स्टूल दिलं.

"अगदी योग्य वेळी आलात ताई! उद्याच आपण धोरणाचं मूल्यमापन करतोय."

"म्हणजे काय करता?"

"म्हणजे धोरण कसं चाललंय ते जनतेला विचारायचं. काय चुकतंय ते शोधायचं. आणि सुधारायचं. खास घुबडपंत येताहेत. फार मोठे तज्ज्ञ."

शलाकाला हे इतकं शहाणपणाचं वाटलं की ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती. नवरा अंकुश मात्र धास्तावला.

"तू बोलणार आहेस तिथे?"

"विचारलं तर."

"आणि नाही विचारलं तर?"

"मग ऐकून येईन."

अंकुशला ते उत्तर पहिल्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मूल्यमापनासाठी शाळेला सुट्टी होती. पिल्लांना दुतर्फा हात हलवायला उभं केलं होतं. घुबडपंत आणि कोल्हेसाहेब मोटारीतून आले. मोटार कुठे लावावी असा प्रश्न पडला, तेव्हा ती पट्ट्यावर लावली. घुबडपंतांना दिवसा दिसत नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. डोळे मिटल्याने निरीक्षण निःपक्षपाती होतं, असं त्यांचं मत होतं.

"पद्धत सोपी आहे," ते म्हणाले. "जो सायकलमार्गावर आहे, तो सायकलमार्गाचा लाभार्थी. त्यालाच विचारा."

म्हशीला विचारलं. "झकास आहे. मोठा रस्ता टोचायचा. हा गुळगुळीत आहे. रंगही थंड आहे."

अस्वलअण्णांना विचारलं. "महाराजांची कृपा. गिऱ्हाईक दुप्पट झालं."

रानडुकरांना विचारलं. "पूर्वी गाडी लावायला लांब जावं लागायचं. असे पट्टे गल्लोगल्ली हवेत."

शलाका मोठ्या रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी होती. मधे म्हशींची भिंत होती.

"साहेब, मलाही विचारा ना!"

"मार्गावर या ताई," कोल्हेसाहेब ओरडले. "रस्त्यावरच्यांचं मत आम्ही घेत नाही."

"मार्गावर यायला जागा नाही. तेच तर सांगायचंय."

"मग मार्गावर येऊन सांगा!"

शलाकाने सायकल झाडाला टेकवली आणि ती दोन म्हशींच्या मधून शिरली. "आई आई गं!" करत दोन्ही म्हशी झटक्यात बाजूला झाल्या. इतक्या चपळ त्या असतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

"आपण सायकलमार्गावर समाधानी आहात?" घुबडपंतांनी विचारलं.

"नाही."

अण्णांचं दूध उतू गेलं.

"हा मार्ग सायकलींसाठी केला," शलाका म्हणाली. तिचे काटे हळूच खुळखुळायला लागले आणि या वेळी तिने ते थांबवले नाहीत. "इथे सगळं होतं. चहा होतो, झोप होते. सायकल तेवढी चालत नाही. मी वेळेवर पोचले नाही तर माझी नोकरी जाईल. म्हशी उठवा, गाड्या हलवा, झाडाला वळसा काढा. एवढंच."

घुबडपंतांनी एक डोळा उघडला. "तुमच्याकडे सायकल आहे?"

"हो."

"इथे आणखी कोणाकडे आहे?"

"छे!" म्हैस म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत नाही."

घुबडपंतांनी नखांवर हिशेब मोजला. मग म्हणाले, "म्हणजे ज्यांच्याकडे सायकल नाही, ते सगळे समाधानी. जिच्याकडे सायकल आहे, ती एकटीच असमाधानी." त्यांनी उघडलेला डोळा मिटला. "असमाधानाचं कारण सापडलं."

कोल्हेसाहेबांनी टाळी वाजवली. पिल्लांना सांगितलंच होतं, त्यांनीही वाजवली.

संध्याकाळपर्यंत दवंडी पिटली गेली. सायकल धोरणात सुधारणा झाली. सायकलमार्गावर सायकल चालवायला बंदी. म्हशींसाठी मांडव. अण्णांसाठी नळ. समाधान शंभर टक्के. शेजारच्या तीन जंगलांनी धोरणाला पुरस्कारही देऊन टाकला, आणि सकाळी पुरस्काराची मिरवणूक निघेल असं ठरलं.

शलाकाने त्या सकाळीही सायकल बाहेर काढली. चालवायला बंदी होती, हातात धरून न्यायला नव्हती. खरं तर आज नोकरी जाणार हे तिला ठाऊक होतं. जायचीच असेल तर उशिरा का होईना, हजर राहून जावी, असा तिचा विचार होता.

मिरवणूक वडाच्या पारावरून निघाली. पुढे हातगाडीवर महाराजांची हार घातलेली तसबीर. मागे ताशे. शेवटी, कोणाच्या लक्षात न येता, शलाका.

आणि काय सांगू बाळांनो! म्हशींनी लांबून ताशा ऐकला आणि कोणी न सांगता त्या उठल्या. अण्णांनी टपरी दोन्ही हातांनी उचलून झुडपामागे नेली. रानडुकरांच्या मोटारी कुठे गेल्या ते कळलंही नाही. जांभळाच्या झाडापाशी मुरूम टाकून सुंदर वळसा काढलेला होता, कारण महाराजांची गाडी बुंध्यावर आपटून कशी चालेल? लाल पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिल्यांदाच दिसला.

शलाका पटकन सीटवर बसली आणि शेवटच्या ताशाच्या मागे पायडल मारू लागली. सगळे पुढे बघत होते. मिरवणुकीत मागे कोणी बघत नाही. ती शाळेत शिरली तेव्हा कवडसा अजून फळ्यावर पडायचा होता.

परत येताना म्हशी जागेवर होत्या, मोटारी जागेवर होत्या, टपरीवर आल्याचा चहा उकळत होता.

त्या दिवशी घरी आल्यावर शलाकाने सायकल कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाली, "आई, आपल्याकडे महाराजांची तसबीर आहे का?"

"आहे की. माळ्यावर. घरटी एक वाटली होती. का गं?"

शलाकाने सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या. अंकुश म्हणाला, "हे बरोबर नाही. पकडलं तर?" सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या काट्यांचा खुळखुळाट त्या घरात कित्येक वर्षांनी ऐकू आला.

"तू शिडी धर," त्या म्हणाल्या.

सकाळी त्यांनी स्वतः तसबीर पुसली, हँडलला सुतळीने बांधली, वर एक झेंडूचं फूल खोचलं आणि चाकाच्या वर एक जुनी झांज अशी अडकवली, की दर खड्ड्याला ती वाजावी. त्या जंगलात खड्ड्यांना तोटा नव्हता.

पाराशी तरस हवालदार उभा होता. "ओ बाई! सायकलीला बंदी आहे."

"सायकल कुठली? महाराजांची मिरवणूक आहे."

तरसाने तसबीर पाहिली, मग मागे पाहिलं. "मिरवणुकीत एकटीच?"

"बाकीचे येताहेत मागून. तुम्ही का सामील झाला नाहीत, ते विचारणार आहेत."

तरसाने घाईघाईने हात जोडले. "व्हा पुढे, व्हा पुढे."

"उठा गं, महाराज आले!" म्हैस जावांना म्हणाली. अण्णांनी टपरी उचलली. तसबिरीतले महाराज सगळ्यांकडे करारी नजरेने बघत होते. शलाकाला मागून नुसता पुठ्ठा आणि एक वाकडा खिळा दिसत होता.

महिनाभरात सशाने तसबीर बांधली. मग कासवाने. मग ज्यांना ज्यांना कुठे वेळेवर पोचायचं होतं, त्या सगळ्यांनी. रोज सकाळी मिरवणुकांमागून मिरवणुका नदीकडे जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. घुबडपंत पुन्हा येऊन गेले. मार्गावर एकही सायकल आढळली नाही, आणि राजावरचं प्रजेचं प्रेम मात्र अपार आढळलं, असं त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शाळेत टिटवीबाईंना एकच कोडं पडलं होतं. "शलाकाबाई," त्यांनी एकदा विचारलं, "हल्ली रोज वेळेवर कशा येता हो तुम्ही?"

शलाका झेंडूचं फूल ठीक करत म्हणाली, "मी कुठे येते बाई? महाराज येतात. मी नुसती पायडल मारते."

तात्पर्य : बाळांनो, कोणी विचारलं तर खरं जरूर सांगावं. एकदा. दुसऱ्या दिवसापासून हँडलला तसबीर बांधावी.