तात्याची मान

आमच्या पंचवटीतला फुलवाला तात्या सायकल घेऊन निघायचा, पण तिच्यावर कधी बसायचा नाही. हँडलवर कोपरं टेकवून, वाकून, ती ढकलत जायचा. लोक म्हणत, टायर झिजू नये म्हणून. खरं म्हणजे ताठ चाललं की चार पावलांत त्याचे पाय बधीर व्हायचे. वाकलं की बरं वाटायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मशीन जुनं हाय, पण चालू हाय."

हातातून कप पडला की दोष कपाचा. बटणं वरखाली लागली की दोष काजांचा.

शेवटी बाजारात त्याच्या शेजारी भाजी विकणारी मीच त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. तेव्हा नाशकात एमआरआय नवीनच होता. कमरेचा काढला. मणक्यात नसांची वाट अरुंद झाली होती. मोठ्या आजाराचं नाव मिळालं म्हणून तात्या खूश. मग मी डॉक्टरांना बटणांचं सांगितलं. त्यांनी हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, बोटं उघडमीट करायला लावली आणि मानेचाही फोटो काढायला पाठवलं. तिथेही तेच.

"आधी मानेचं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "थांबलात तर हात जातील."

तात्या बाजारभर सांगत सुटला, "विजार फाटली म्हणून गेलो, तर शिंपी कॉलर उसवतोय. आक्का, तुझ्या जिभेपायी माझा गळा कापतील."

"मान मागून कापतात. गळा पुढं असतो," मी म्हटलं.

तो काही तयार होईना.

त्याची बायको कमल, काचबिंदूने नजर गेलेली. एका सकाळी कोथिंबीर द्यायला गेले तर तात्या तिची वेणी घालत होता. रोजच घालत असणार, इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता. पेड बोटांतून निसटत होते. कमल डोकं न हलवता म्हणाली, "छान घट्ट बसली आज." केस तर मोकळेच होते.

तात्या माझ्यामागे ओट्यावर आला. "आक्का, मान कापली तर बोटं परत येतात का?"

"गेलेलं येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. उरलेलं राहील."

"मग उरलंय तोवर करू."

मानेचं झालं, पुढे कमरेचंही झालं. आता वेणी जमते, पण सैल. दुपारपर्यंत सुटते. मी म्हटलं, "तात्या, मी घालत जाईन तिची वेणी. घट्ट राहील."

"नको," तो म्हणाला. "सुटली तर संध्याकाळी परत घालीन. मला कुठं जायचंय."