धुळाजीचा बोल्ट कुणी काढला

एका जंगलात त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की हत्तीला स्वतःची सोंड दिसत नव्हती. त्यामुळे धुळाजी अस्वलाचं काम सकाळपासून निवांत चाललं होतं.

बाळांनो, धुळाजीकडे एक जुना टेंपो होता. त्याचा ब्रेक लागत नव्हता. धुळाजीची आई पलीकडच्या डोंगरावर राहायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घुबड डॉक्टर शनिवारी तो काढणार होते. शनिवार चुकला की पुढची पाळी थेट उन्हाळ्यात. आणि आईला घाट उतरून आणायचं, म्हणजे ब्रेक हवाच.

तो बुधवार होता. ब्रेकचा पंप दोन बोल्टांवर बसलेला. एक निघाला. दुसरा गंजून गच्च झाला होता. धुळाजीने त्यावर रॉकेल सोडलं आणि शेजारी बसून राहिला. मला विचाराल तर निम्मी दुरुस्ती बसण्यातच असते.

दहाच्या सुमाराला धुकं उठलं. टेंपो सगळ्यांना दिसला.

पहिला आला शेजारचा केरबा रानडुक्कर.

"धुळ्या, बसलायस काय? सरक."

"केरबा, दम धर. मुरू दे जरा."

"लोणचं घालतोयस का? आण तो पाना."

केरबाने पान्याला लांब नळी लावली आणि अंग टाकलं. कट्! बोल्टाचं डोकं तुटून खाली पडलं. धड आतच राहिलं. जुना पंप सुटला खरा, पण नवा बसवायचं भोक बुजलेलंच.

केरबाने ते डोकं उचलून धुळाजीच्या हातावर ठेवलं.

"हे घे. माल हलका होता."

आवाज ऐकून जंगल जमलं. कोल्हा म्हणाला, तापवा. माकड म्हणालं, ठोका. हत्ती म्हणाला, टेंपोच विका. आणि बोलता बोलता जो तो पान्याकडे हात न्यायचा.

धुळाजी रागावला नाही.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "तासातासाला तीन थेंब रॉकेल सोडायचं, हलकी टिचकी मारायची आणि बसायचं. परवापर्यंत. पहिली पाळी कुणाची?"

कोल्ह्याला सभा आठवली. माकडाचं शेपूट दुखू लागलं. हत्तीला तहान लागली. केरबा म्हणाला, घरी पाहुणे आलेत. त्याच्याकडे पाहुणा गेलेला आजवर कुणी पाहिला नव्हता.

मग दोन दिवस शांततेत गेले. शुक्रवारी दुपारी धुळाजीने बोल्टाच्या उरल्या टोकाला करवतीने खाच पाडली आणि स्क्रूड्रायव्हर लावला. पाव आटा मागे, थोडा पुढे. पाव आटा मागे, थोडा पुढे. ऊन कलायच्या आत बोल्ट नुसत्या बोटांनी फिरून बाहेर आला.

शनिवारी आई घाट उतरून आली. मोतीबिंदू निघाला. सोमवारी पट्टी सुटली, तेव्हा केरबा समोर बसून चहा पीत होता. आईला सगळ्यात आधी तोच दिसला.

"टेंपो तूच नीट केलास का रे बाळा?"

केरबा नुसता लाजला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

धुळाजीने फळीवरून बोल्टाचं ते तुटकं डोकं काढलं आणि केरबाच्या बशीत ठेवलं.

तात्पर्य: बाळांनो, मी शाळेत गेलो नाही. तात्पर्य मला नीट जमत नाही. तेव्हा बशीत पाहून केरबा जे बोलला, तेच लिहून घ्या.

"धुळ्या, आईसमोर खरं सांग. मी तोडला नसता, तर तुझा बोल्ट निघाला असता का?"