राणीआईचं आठ वार कापड

"संपलं एकदाचं! सगळं कापून झालं!" एन्योनामने कात्री टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात शेजारच्या मशीनवरची मावुसी दारातूनच किंचाळली, "अगं बये, हे काय करून बसलीस?"

एन्योनामने काही वावगं केलं नव्हतं. परदेशातल्या बायका घरात पडून असलेलं कापड खोक्यात भरून पाठवतात आणि आमच्या गावचं शिवणमंडळ त्यातून शाळेच्या मुलींसाठी पाळीची कापडी पॅड शिवतं. एकीच्या वाट्याला बदकांची नक्षी येते, एकीच्या वाट्याला पडद्याची फुलं. नियम एकच, खोकं आलं की त्याच दिवशी कापायचं. कापड अख्खं दिसलं की आत्या, मावश्या, चुलत सासवा मागायला हजर होतात, आणि आत्याला नाही म्हणायची छाती आहे कुणाची?

"हे लाल-काळं कुठून घेतलंस?" मावुसीने एक तुकडा उचलला.

"टेबलावर होतं. खोक्यातलंच असणार."

"खोक्यातलं कसलं! सकाळी राणीआई स्वतः काखेत मारून इकडे येताना दिसल्या मला. भाऊ गेलाय ना त्यांचा, शनिवारी अंत्यविधी आहे. दुखवट्याचा लाल-काळा झगा शिवायला ठेवलं असणार!"

एन्योनामने तुकडे मोजले. गावच्या बायकांवर जिचा हुकूम चालतो त्या राणीआईचं दुखवट्याचं कापड, आणि त्याची झाली होती एकेचाळीस पॅड! वर ही शेड राणीआईच्याच जागेत उभी. चार मशीन, बारा बायकांची कमाई. राणीआई एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं रस्त्यावर आलं असतं.

"जाऊन विचार ना सरळ," मावुसी म्हणाली.

"राणीआईंना? सरळ? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

खरंच होतं ते. राणीआईशी कुणी तोंडावर बोलत नाही. बोलायचं ते त्यांच्या मुखत्याराशी, आग्बेकोकाकांशी. ते हातातली काठी टेकवून तेच वाक्य म्हणींची फोडणी देऊन पुढे सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत गावभर करतात. नाव काढावं तर काका दारात हजर.

"राणीआई उद्या सकाळी येताहेत. कापडाचं काय झालं ते बघायला."

"आणखी काही म्हणाल्या का, काका?" एन्योनामने कापलेले तुकडे पाठीमागे सरकवले.

"मला कुठे सगळं सांगतात हल्ली!" काका फणकाऱ्याने निघून गेले.

एन्योनाम तसलंच कापड शोधायला मिळेल त्या ट्रोट्रोच्या व्हॅनमध्ये कोंबून घेऊन आकात्सीच्या बाजारात पोचली. दुकानदारीण तुकडा बघून म्हणाली, "हे? शेवटचे आठ वार तुमच्या राणीआईच घेऊन गेल्या की!"

आता एकच उपाय उरला होता. एन्योनामच्या ट्रंकेत तिच्या आईने मरताना दिलेलं कापड होतं, काळं, लाल पक्ष्यांचं. बारा वर्षं तिने ते नुसतं उन्हाला दाखवून परत ठेवलं होतं. कात्री लावताना तिला रडूच फुटलं. ईस्टरला घेतलेली राणीआईंची मापं आठवून तिने दिवस मावळायच्या आत झगा पुरा केला.

सकाळी राणीआई शेडमध्ये येऊन बसल्या. मध्ये काका काठी घेऊन उभे.

"काका, सांगा, झगा तयार आहे," एन्योनाम म्हणाली.

"राणीआई, झगा तयार आहे," काकांनी दोन हातांवर बसलेल्या बाईला ओरडून सांगितलं.

राणीआईंनी झगा उलटासुलटा पाहिला. "विचार तिला, हे माझं कापड नव्हे. माझं कुठाय?"

काका ते पुढे सांगायच्या आत एन्योनामचा बांध फुटला. "कापलं हो! चुकून कापलं! मुलींची पॅड केली त्याची! पण शेड काढून घेऊ नका, पाया पडते!"

राणीआईंनी हाताने काकांना बाजूला सारलं आणि आमच्या देखत पहिल्यांदाच तोंडावर बोलल्या.

"अगं वेडे, कापायलाच ठेवलं होतं मी. तिकडच्या बायका समुद्रापलीकडून पाठवतात, आणि मी गावात बसून काहीच द्यायचं नाही होय? दर महिन्याला चार दिवस घरी बसता बसता माझी शाळा सुटली. आता हे सगळं ह्या पुरुषमाणसाच्या तोंडून कसं कळवू? म्हणून गुपचूप ठेवून गेले."

काका छपराकडे बघत खोकले. हे वाक्य त्यांनी काही पुढे सांगितलं नाही. एन्योनाम मात्र हसत होती आणि डोळे पुसत होती. शेड वाचली होती, आणि आता आईचं कापडही परत ट्रंकेत जाणार होतं, झगा होऊन का होईना.

राणीआईंनी झगा अंगाला लावून पाहिला. "पण शिवलायस हो छान. आग्बेको, सांग तिला, तिचा मान मी मोडणार नाही. शनिवारी हाच घालते."

एन्योनामने तोंड उघडलं. "काका, त्यांना सांगा ना, की ते कापड—"

काका पुन्हा कामाला लागले होते. त्यांनी काठी आपटली. "राणीआई, एन्योनाम म्हणते, तिचं भाग्य उजळलं! आणि म्हणते, उरलेल्या कापडाचा डोक्याचा रुमालही संध्याकाळपर्यंत शिवून देते!"

झगा तोवर राणीआईंच्या काखेत गेलाही होता. एन्योनामने मावुसीकडे पाहिलं, मावुसीने जमिनीकडे. मग एन्योनाम मुकाट्याने मशीनवर जाऊन बसली आणि सुईत लाल दोरा ओवायला लागली.