सार्वभौम सत्तेची कॅसेट

चंपतराव नागपुरात पोस्टाने बी.ए. शिकवणाऱ्या एका संस्थेत कारकून होते. कॅसेटींचं कपाट त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे अर्धं विद्यापीठ आपणच चालवतो असं त्यांना वाटे.

उमरेडच्या खाणीत नोकरी करणारा विद्यार्थी धोंडबा दर रविवारी एसटीने येई, संस्थेतल्या कृष्णकांत सरांच्या राज्यशास्त्राच्या व्याख्यानाची कॅसेट लावी आणि हवा तो मुद्दा येईपर्यंत प्रस्तावनेतच घोरायला लागे. परीक्षा महिन्यावर आली होती.

"पुढच्या रविवारी तुले पाहिजे तो मुद्दा दोन मिनिटांत सापडन. माझी गॅरंटी," चंपतरावांनी त्याला सांगून टाकलं.

युक्ती सोपी होती. प्रत्येक मुद्द्याआधी सर पाणी पीत. तेवढ्या शांततेत रेकॉर्डचं बटन दाबायचं, थाळी वाजवायची, मुद्द्याचं नाव सांगायचं आणि मशीन बंद करायचं. टेप पळवताना थाळी ऐकू आली की थांबायचं!

कॅसेट नंदनवन भागातल्या आपल्या घरी नेऊन त्यांनी शनिवारी दुपारी काम सुरू केलं. चौथ्यांदा थाळी वाजली आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. त्यांनी थाळी हिसकावून घेतली आणि जे बोलायचं ते बोलल्या. या गडबडीत मशीन बंद करायचं राहून गेलं. राहिलेले मुद्दे चंपतरावांनी चमच्याने पेला वाजवून उरकले.

आठवड्याभराने कृष्णकांत सर धोंडबाचं पत्र घेऊन ऑफिसात हजर. पत्रात लिहिलं होतं, सार्वभौम सत्ता एकदा ऐकूनच पाठ झाली, बाकीचे मुद्देही त्याच बाईंनी शिकवावे.

"कोण बाई?" सरांनी विचारलं आणि स्वतःच कॅसेट लावली.

थाळी वाजली. चंपतरावांचा आवाज आला, "सार्वभौम सत्ता म्हणजे काय?" आणि लगेच कौशल्याबाई:

"या घरात मी सांगीन तेच होईन. माझ्यावर कोणी नाही. तुमच्या मायले सांगा नाही तं सायबाले, मले फरक पडत नाही. अन् यात मी कोणाले वाटा देणार नाही!"

चंपतरावांना नोकरी गेल्यातच जमा वाटली. आमच्या मंडळी आहेत, एवढं ते कसंबसं पुटपुटले.

सरांनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. मग पिशवीतून बारा वर्षं जुन्या नोट्स काढल्या, अर्ध्या पानावर काट मारली आणि पेन उघडंच ठेवून विचारलं,

"लोकशाहीबद्दल काय म्हणतात त्या?"

चंपतराव मान खाली घालून म्हणाले, "सर, तो विषय आमच्या घरी अजून निघालाच नाही."