निंबापाशी की पुलापाशी?

“जयवंता, गाडी कुठं थांबनार हे तुले मालूम हाय, हे लोकायले मालूम होऊ देजो नोको!”

सासूबाई लीलाबाईंनी चुलीपुढूनच बजावलं. जयवंता नुसती हसली. नागपूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या सुनेला चुलीपुढून सल्ला!

भानगड अशी, की आर्वीहून येणारी वर्ध्याची एसटी आंजीच्या थांब्यावर म्हणून थांबायची नाही. ड्रायव्हर रूपरावांची लहर! कधी अलीकडे निंबापाशी, कधी पलीकडे पुलापाशी. गर्दी दिसली, की तिथं तर नाहीच! सारं गाव रोज छापाकाटा खेळायचं.

जयवंताला मात्र सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचंच होतं. बाळाचा ट्रिपल लशीचा डोस लांबला होता आणि तिला तव्यावरच्या भाकरीतही घटसर्प दिसू लागला होता! पण काळजी कशाची? कंडक्टर भैय्याजी तिचे मामेदीर. त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं, “उद्या पूल!”

ती ऐटीत पुलापाशी उभी राहिली. पाच मिनिटांत मागे अख्खी आंजी!

“कंडक्टरची वयनी उभी हाय म्हंजे पक्कं!” शेजारचे नत्थूजी म्हणाले.

रूपरावांनी लांबूनच ती जत्रा पाहिली, निंबापाशी दोन माणसं घेतली आणि पुलावरून धूळ उडवत गेले.

“मी का म्हनलं होतं?” घरी सासूबाई.

जयवंता रात्रभर विचार करून सकाळी सेनापतीसारखी उठली. लोक आपल्याला पाहतात काय? मग दाखवूच! “आत्याबाई, तुम्ही निंबाखाली उभ्या राहा.” पण नुसत्या सासूवर गाव थोडंच फसणार? म्हणून बाळही त्यांच्याच कडेवर दिलं, लांबून दिसावं म्हणून लाल टोपी घालून. स्वतः पुलाच्या कठड्याआड बसली.

“चला हो निंबाखाली!” नत्थूजींची आरोळी आली. “लेकराले सोडून माय जाते कुठं?”

झुंबड निंबाकडे! रूपरावांनी झुंबड पाहिली आणि गाडी थेट पुलापाशी आणली. जयवंता एकटी, राणीसारखी चढली. खिडकीची जागा! मागून धावणारं गाव धुळीत दिसेनासं झालं.

“वा वयनी!” भैय्याजी म्हणाले. “तिकीट?”

“एक फुल, भाऊजी! बाळाचं लागत नाही नं?”

“कोनतं बाळ?”

जयवंताने मांडीकडे पाहिलं. पिशवी होती. पिशवीत दुपटी, बाटली, खुळखुळा... बाळाचं सगळं काही होतं!

“थांबवा हो गाडी!”

“आता पुढच्या गावालेच, वयनी. तिथं गर्दी नसली तर!”

तर मंडळी, आंजीकडे कोणी निघालं असेल, तर जरा निंबाखाली डोकावाल का? बाळ बरं आहे ना, एवढं पाहा. आणि सासूबाई काय बोलताहेत तेही हळूच ऐकून या. घरात पुढच्या दारानं शिरायचं की मागच्या, हे जयवंताचं अजून ठरलेलं नाही!