गजूभाऊंचा डाऊनप्ले

अमडापुरात गजूभाऊंना उचकी लागली की चिखलीच्या स्टँडवर एसट्या थबकतात. मी त्यांचा शेजारी. वाढवून सांगायची मला मुळीच सवय नाही.

"मी काही आता वाचत नाही बे!" हे त्यांचं पालुपद. सर्दीला तेच, भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच. वहिनी गेल्या तेव्हापासून घरात एकटेच. लेक स्वाती पुण्याला कंपनीत नोकरीला. फोनवर तिलाही हेच ऐकवायचे. बिचारी दोनदा मिळेल त्या गाडीने धावत आली. पहिल्या वेळी निघाली करपट ढेकर. दुसऱ्या वेळी तीही नाही.

शेवटी ती वैतागली. "बाबा, तुमच्यापायी माही नोकरी जाईन! इंग्रजीतलं एक क्रियापद शिका. डाऊनप्ले. म्हणजे जे झालं ते कमी करून सांगायचं."

भाऊ शिकले. हरभऱ्याला पाणी देताना असं घोकलं, की हरभऱ्यालाही पाठ झालं. मग गावावर प्रयोग सुरू. सरपंचांनी लेकीच्या लग्नात गावजेवण घातलं. भाऊ त्यांच्या तोंडावर म्हणाले, "चहापाणी बरं होतं." दामूबुवा वारले, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरी भेटायला गेलो. बाहेरगावच्या कुण्या पाहुण्याने विचारलं, "काय झालं हो?" भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काही नाही. बुवा थोडेसे वारले."

रडणाऱ्या सुनेने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तेरवीचं बोलावणं मात्र आम्हा दोघांनाही आलं नाही.

पोळ्याच्या आधी भाऊ गोठ्यात घसरले. पायाचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर करवून मी त्यांना घरी आणून टाकलं, तोच स्वातीचा फोन. आता पुण्याला फोनशिवाय ऐकू जाईल अशी आरोळी येणार, म्हणून मी कानांवर हात ठेवले.

"बाबा, आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"काही नाही व माय. पाय जरासा मुरगळला."

"मी येऊ का?"

भाऊंनी प्लास्टरवरून हात फिरवला.

"छट्! तू आपली नोकरी पाह्य."

"बरं मंग. दिवाळीलेच येते."

फोन बंद झाला. मी म्हणालो, "जमलं ना भाऊ! याले म्हणतात डाऊनप्ले!"

ते वरच्या टिनाकडे पाहत पडून राहिले.

"पोरगी हुशार आहे बे," ते म्हणाले. "पण तिले इतक्या लवकर पटलं काऊन?"