ट्रक जाऊ दे

आमचे गुलाबभाऊ बोलता बोलता मध्येच थांबतात. "मास्तर, आज वरनात मीठ" एवढं म्हणतात, तोंड मिटतात, समोर बघत राहतात आणि जरा वेळानं "जास्त झालंतं" म्हणून वाक्य पुरं करतात. नवा माणूस घाबरतो. कुणी हळूच मेंदूच्या डॉक्टरचं नाव सुचवतो. खरं म्हणजे तेवढ्या वेळात भाऊ ट्रक जाऊ देत असतात. ट्रक नसला तरी.

ही सवय त्यांना रस्त्यानं लावली. अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाऊंचं घर. खाली ते, वर मी. जवळच्या शाळेत मराठी शिकवायचो म्हणून मी 'मास्तर'. मी राहायला आलो तेव्हा रस्ता इतका अरुंद होता की समोरून एसटी आली की सायकलवाला न सांगता नालीत उतरायचा. भाऊंना त्याची घरची अब्रू गेल्यासारखी लाज वाटे. "सडक आली का सबन येते," हे त्यांचं ब्रीद; सबन म्हणजे सगळं. रस्ता रुंद व्हावा म्हणून त्यांनी केलेले सगळे अर्ज मी लिहिले, कारण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अर्जात 'सर्वांगीण विकास' हा शब्द लागायचाच.

"टाकला का थो शबद?" ते विचारत.

"टाकला."

"दोनदा टाका. सायबलोक घाईत वाचते."

रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, उस्मानभाईंचं गादीचं दुकान. कापूस पिंजायचं मशीन, अंगभर कापूस, भुवयांवरसुद्धा कापूस. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. रोज पाच वाजले की भाऊ घरची चहाची किटली घेऊन रस्ता ओलांडायचे आणि अर्धवट भरलेल्या गादीवर जाऊन बसायचे. चहा भाऊंचा, कप उस्मानभाईंचे. गिऱ्हाईक आलं तर भाऊच म्हणायचे, "थांबा जरा, चहा चालू हाय."

शेवटी रस्ता मंजूर झाला. दोन्ही बाजूंची दुकानं मागे सरकायची होती. लोकांची संमतीपत्रं गोळा करायचं काम भाऊंनी अंगावर घेतलं आणि आधी स्वतःचा ओटा स्वतः फोडला. पहिली सही उस्मानभाईंची. मी कागद वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी हातातला पेन हलवला. "रहने दो मास्तर. गुलाबनं वाचला ना? बस झालं."

सडक आली, आणि भाऊ म्हणायचे तसं सबन आलं. बँक आली, दोन दवाखाने आले, कोचिंग क्लास आले. माझ्या मुलीला दारातून कॉलेजचा ऑटो मिळू लागला. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. पण रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर आला, त्यावर लोखंडी कठडा, आणि वळायची जागा पार पेट्रोल पंपापाशी. तोवर भाऊंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. एकदा त्यांनी किटली घेऊन ऑटो थांबवला.

"कुठं जायचं, बाबाजी?"

"थे काय, समोर."

ऑटोवाल्यानं समोर पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं आणि निघून गेला.

मग दोघं आपापल्या कडेला खुर्ची टाकून बसू लागले. आपापला चहा, आणि गप्पा ओरडून. मी म्हटलं, फोन लावा की. भाऊ चिडले. "समोर बसलेल्या मानसाले फोन कायले लावू? आजारी हाय का थो?" ट्रक आला की दोघं थांबायचे, गेला की तिथूनच पुढं. बोलण्याच्या भरात थांबायचं राहिलं की मधले शब्द आवाजात बुडायचे. एकदा उस्मानभाई ओरडले, "बकरी—" मग पाठोपाठ दोन ट्रक गेले, आणि मग ऐकू आलं, "—मेरिटमंदी आली!" भाऊ तीन दिवस गावभर हे सांगत होते. मधलं 'विकली, अन् नात' ट्रकाखाली गेलं होतं.

हसायचो आम्ही. पण उस्मानभाईंचं दुकान काय उरलं होतं, ते कुणी नीट पाहिलं नाही. गादी भरायची तर आधी ती पसरावी लागते. आता दुकानापेक्षा गादी लांब झाली होती. दारातून बाहेर आलेल्या कापसावर दिवसभर धूळ बसायची. शेजारीच फोमच्या गाद्यांचं काचेचं शोरूम उघडलं होतं. भाऊंनी पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. खुर्ची ते जरा तिरपी टाकू लागले होते. उस्मानभाईंनी मात्र त्या सहीचा विषय कधी काढला नाही.

एका संध्याकाळी उस्मानभाई पलीकडून ओरडले, "गुलाब! पोरगा म्हनते अकोल्याले चाल!" ट्रक गेला. "जाऊ का?"

भाऊ खूश झाले. "जा ना बिनधास्त! इथं काय ठेवलं हाय?"

उस्मानभाई खुर्ची उचलून आत गेले.

त्याच आठवड्यात टेम्पो आला आणि पिंजायचं मशीन चढवून गेला. भाऊ म्हणाले, दुरुस्तीले गेलं असन. आठ दिवस झाले, पंधरा झाले, शटर उघडेना. शेवटी मी पंपापर्यंत चालत जाऊन पलीकडे गेलो. दुकानाशेजारचा पानठेल्यावाला म्हणाला, "तुमाले मालूम नाही? कायमचे गेले थे. त्यांनी गुलाबभाऊले विचारलं ना माह्या समोर, 'कायमचा म्हनते, जाऊ का?' म्हनून. भाऊच म्हनले, जा."

मी परत येऊन हे भाऊंना सांगितलं. सांगायला नको होतं. ते म्हणाले, "'कायमचा' मले—" आणि थांबले. रस्ता त्या वेळी रिकामा होता. वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही.

त्यानंतरही पाच वाजता ते खुर्ची टाकून बसत. फोन लावा म्हटलं की मान हलवत. लावला असता तर समोर कुणी नाही हे कबूल करावं लागलं असतं. आणि बोलायचं तरी काय? सहीचा कागद उस्मानभाईंकडे भाऊंनीच नेला होता. लिहिला मी होता, सर्वांगीण विकास दोनदा घालून. माझाही जीव खायचाच तो.

शेवटी परवा मीच पलीकडे जाऊन 'गादी भरून मिळेल' या पाटीखालचा, मुलाचा नंबर उतरवून आणला. भाऊंना मागच्या शांत खोलीत बसवलं आणि मोबाइल स्पीकरवर लावला. मुलानं फोन बापाच्या हाती दिला.

"कोन?"

"गुलाब."

तिकडे नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज अकोल्याहून स्पष्ट येत होता.

"घर कसं हाय?" भाऊंनी विचारलं.

"चांगलं हाय. गल्ली—" उस्मानभाई थांबले. मी कान टवकारले. आवाज फक्त बादलीचा. "—लय बारीक हाय. सायकलबी हातात धरून आनावं लागते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते मोबाइलशी तोंड नेऊन, एकदाही न थांबता बोलले. "उस्मान, त्या दिवशी थे 'कायमचा' मले आयकूच नाही आलं रे. आलं असतं तं म्या जा म्हनलंच नसतं. अन् थ्या कागदावर तुही सही घेतली, थे चुकलं माहं. माफ कर मले."

तिकडे कुणीतरी नळ बंद केला.

"काय म्हनला?" उस्मानभाई पूर्वीसारखे जोरात ओरडले. "आयकू नाही आलं, गुलाब. आत्ताच एक ट्रक गेला."